बर्फ वितळून दहा हजार वर्षं झाली, जमीन अजून वर येतेय

खडकवेडा:

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर होगा कुस्तेन, म्हणजे 'उंच किनारा', नावाचा पट्टा आहे. तिथला स्कुलेबर्गेत हा डोंगर जेमतेम २९५ मीटरचा. पण नीट पाहिलं की एक विचित्र गोष्ट दिसते. माथ्यावर मातीची टोपी आणि दाट झाडी, आणि तिच्या खाली एकदम उघडाबोडका, धुतलेला खडक. ही सीमा समुद्रसपाटीपासून २८६ मीटरवर आहे आणि ती जुनी किनाररेषा आहे. सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी तिथे लाटा आपटत होत्या. त्यांनी आवाक्यातली सगळी माती धुऊन नेली, वरच्या नऊ मीटरांपर्यंत त्या पोचल्या नाहीत. आज चढताना दम लागतो तो डोंगर तेव्हा पाण्यातून डोकं काढणारं चिमुकलं बेट होता.

यात खरी गंमत पुढे आहे. त्या काळात जगभरातल्या महासागरांची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, कारण पुष्कळ पाणी अजून बर्फात अडकलेलं होतं. समुद्र खाली आणि किनाररेषा मात्र डोंगराच्या डोक्यावर! याचा अर्थ एकच निघतो: तेव्हा तो डोंगरच खाली होता.

शेवटच्या हिमयुगाचा कळस साधारण २६,००० ते २०,००० वर्षांपूर्वीचा. स्कँडिनेव्हियावर आणि कॅनडावर तेव्हा तीन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ साचला होता. बर्फाची घनता प्रावरणातल्या, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातल्या, खडकाच्या पाव पटीहून थोडी जास्त असते. तेव्हा तीन किलोमीटर बर्फ पुरेसा काळ बसून राहिला, तर खालचं भूकवच आठशे मीटरांच्या आसपास दाबलं जातं. कवचाखालचा खडक घन आहे, पण हजारो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. वरून दाब आला की बाजूला सरकतो, दाब गेला की परत येतो. परत यायला इतका वेळ लागतो की बर्फ केव्हाच संपला तरी स्वीडन-फिनलंडमधल्या बॉथ्नियाच्या आखाताभोवतीची जमीन आजही वर्षाला जवळपास एक सेंटीमीटर वर चढते आहे. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या परिसरात वेग त्याहून किंचित जास्त. फिनलंडला दरवर्षी सुमारे सात चौरस किलोमीटर नवी जमीन मिळते, कुणीही भराव न घालता.

आपण 'समुद्राची पातळी' हा शब्दप्रयोग इतक्या सहज करतो की जणू जगभर एकच पट्टी लावलेली आहे. माझं म्हणणं असं की कुठल्याही किनाऱ्यावर पाणी चढलं की उतरलं हे ठरवताना पायाखालची जमीन काय करतेय हे विचारल्याशिवाय उत्तर अर्धंच राहतं. बोला.

अवकाळी:

वाचतोय. पण मग एक सरळ प्रश्न. स्टॉकहोममध्ये समुद्र मागे हटतोय असं मीही वाचलंय. तर 'समुद्र वाढतोय, किनारे बुडणार' ही जी ओरड चालते ती सोयीचे किनारे निवडून केलेली आहे असं का म्हणू नये?

खडकवेडा:

अवकाळी, स्टॉकहोमच्या नोंदी १७७४ पासूनच्या आहेत, जगातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी एक. त्यात पाणी उतरताना दिसतं हे खरंय. तिथली जमीन वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर वर येते. ती वजा केली की उरतो तो समुद्र, आणि तो चढतोच आहे. म्हणून तर तिथलं 'उतरणं' गेल्या काही दशकांत मंदावलंय.

आणि सोयीचे किनारे निवडण्याचा आरोप उलट्या बाजूनेही करता येईल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीक उपसागर घ्या. विसाव्या शतकात तिथे पाणी जागतिक सरासरीच्या सुमारे दुप्पट वेगाने चढलं. नुसता तो आकडा दाखवून जग दुप्पट वेगाने बुडतंय म्हणणंही तितकंच चूक. तिथली जमीन खचतेय. थोडी भूजल उपशामुळे, पण बरीचशी हिमयुगामुळेच.

मंदगती:

हे कळलं नाही. चेसापीकवर बर्फ नव्हता ना? मग तिथली जमीन कशाला हलेल?

खडकवेडा:

बर्फ नव्हता म्हणूनच! बर्फाखालचा दाबलेला खडक कुठेतरी जाणार ना? तो कडेला सरकला आणि बर्फाच्या सीमेबाहेर एक रुंद, बसका फुगवटा तयार झाला. बर्फ गेल्यावर मधला भाग उठायला लागला तसा तो खडक परत मध्याकडे वाहू लागला आणि फुगवटा बसायला लागला. चेसापीक त्या फुगवट्यावर आहे. नेदरलँड्सच्या खचण्यातही याचा वाटा आहे. ब्रिटन तर आडवं कलंडतंय असंच म्हणा: स्कॉटलंडचा बराच भाग वर्षाला मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर, नैऋत्य इंग्लंड त्याहून थोड्या कमी वेगाने खाली. एकाच बेटाची दोन टोकं, दोन दिशा.

निशाचर:

शाळेत गादीचं उदाहरण दिलं होतं. माणूस उठला की गादी फुगते तसं. तेच ना हे?

तळटीप:

निशाचर, गादीचं उदाहरण सगळेच देतात आणि माझ्या मते त्यानेच घोळ होतो. गादी लवचीक असते, वजन हटलं की लगेच परत येते, आणि शेजारी फुगवटा येत नाही. इथे दोन वेगळ्या हालचाली आहेत. कवच लवचीकपणे ताबडतोब थोडं वर येतं, हा भाग लहान. मोठा भाग प्रावरणाच्या वाहण्याचा, आणि तो अतिशय संथ. नॉर्मन हॅस्केल यांनी १९३५ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या जुन्या किनाररेषांच्या उंची आणि वयं वापरून प्रावरणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, काढली. उत्तर आलं सुमारे १०^२१ पास्कल-सेकंद. एकावर एकवीस शून्यं. पाण्याची श्यानता एक सहस्रांश असते, त्यावरून अंदाज करा. नव्वद वर्षं झाली, तो आकडा सरासरी म्हणून अजूनही टिकून आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळू-गोट्यांवरून पृथ्वीच्या पोटातला गुणधर्म काढला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

शिंपला:

धागा आवडला, पण तक्रार आहे. सगळे वर-खाली यातच अडकलात. हिमनद्यांनी किनारे कोरले आणि रचले, ते कोण सांगणार? नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल खाडी) २०५ किलोमीटर आत घुसलेला आणि सर्वांत खोल जागी १,३०० मीटरहून जास्त खोल आहे. नदी समुद्रसपाटीच्या इतकं खाली खणूच शकत नाही, हिमनदी खणते, कारण तिला तरंगेपर्यंत पाण्याची पर्वा नसते. त्यातही गंमत अशी की फ्योर्डचं तोंड बहुतेकदा आतल्यापेक्षा उथळ असतं. डोंगरांच्या कचाट्यात बर्फ जाड आणि जोरदार, तोंडाशी पसरून पातळ, तिथे खणणं थांबलं आणि उंबरठा राहिला.

आणि रचनेचं म्हणाल तर अमेरिकेतलं लाँग आयलंड आणि केप कॉड ही प्रामुख्याने हिमनद्यांनी ढकलून आणि वाहून आणलेल्या दगड-मातीची रास आहे. बर्फाची धार जिथे थांबली तिथे हिमोढ साचले, पुढे समुद्र चढला आणि त्या ढिगाऱ्याचा किनारा झाला. सैल माती असल्याने लाटा तो सतत खात असतात. केप कॉडची बाहेरची कड दरवर्षी मागे सरकते. खडकाचा किनारा आणि हिमोढाचा किनारा यांचं आयुष्यच वेगळं.

खडकवेडा:

शिंपला, रास्त तक्रार. मीच लिहिणार होतो असं म्हणत नाही, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

वाळूचा कण:

मला प्राण्यांची बाजू फार भारी वाटते म्हणून दोन भर.

एक. १८४९ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात शार्लट गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खोदकाम चालू होतं. चिकणमातीत हाडं सापडली. ती निघाली बेलुगा देवमाशाची! जागा समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत. बर्फ हटला तेव्हा तिथली जमीन अजून इतकी दबलेली होती की अटलांटिकचं पाणी सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातून आत घुसलं आणि शॅम्प्लेन समुद्र तयार झाला. तो दोन-तीन हजार वर्षं टिकला. मग जमीन उठली, समुद्र ओसरला, देवमासा चिखलात राहिला.

दोन. फिनलंडच्या साइमा सरोवरात सील आहेत, गोड्या पाण्यात. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी जमीन वर आली आणि सरोवराचा समुद्राशी संबंध तुटला. सील आत अडकले ते आजतागायत. सरोवर आता समुद्रसपाटीपासून ७६ मीटरवर आहे. ही उपजात जगात दुसरीकडे कुठेही नाही, एकूण संख्या काही शेकड्यांत.

निशाचर:

सील लिफ्टने वर गेले म्हणायचे 😄

तळटीप:

सीलवरून आठवलं. जमीन उठतेय हे ओळखण्याच्या इतिहासातही सीलच आहेत. आंदेर्स सेल्सियस, हो, तापमापकवालेच, यांनी बॉथ्नियाच्या किनाऱ्यावरचे सीलचे खडक अभ्यासले. सील ज्या खडकांवर चढून पहुडायचे ते शिकारीसाठी मोलाचे, त्यांच्यावर मालकी, खरेदी-विक्री, कर, सगळं कागदोपत्री. काही पिढ्यांत असा एखादा खडक पाण्यापासून इतका उंच झालेला असे की सीलला चढता येईना आणि खडकाची किंमत शून्य. त्या कागदांवरून सेल्सियस यांनी वेग काढला. १७३१ मध्ये त्यांनी स्वीडनमधल्या येवले शहराजवळच्या ल्योवग्रुंड बेटावर एका दगडावर पाण्याच्या पातळीची खूणही कोरून घेतली. ती आजही आहे, पाण्यापासून चांगली वर.

निष्कर्ष मात्र त्यांनी उलटा काढला: पाणी कमी होतंय. पृथ्वी हळूहळू कोरडी पडतेय. यावर स्वीडनमध्ये मोठं वादंग झालं. १८३४ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल आधी साशंक होऊन तिथे गेले, खुणा पाहिल्या आणि जमीनच उठतेय हे मान्य करून परतले. पण का उठतेय? त्याला १८६५ उजाडावं लागलं. स्कॉटलंडच्या थॉमस जेमीसन यांनी मांडलं की बर्फाच्या वजनाने जमीन दबली असावी आणि बर्फ गेल्यावर ती उठली असावी. हिमयुग होतं हेच तेव्हा कुठे लोकांच्या गळी उतरत होतं!

मंदगती:

तळटीप, सेल्सियसना दोष देववत नाही. एकाच किनाऱ्यावर उभं राहून जमीन चढली की पाणी उतरलं हे कळणार तरी कसं?

तळटीप:

एका किनाऱ्यावरून नाहीच कळत. पाणी कमी होत असेल तर सगळीकडे सारखंच कमी व्हायला हवं. स्वीडनच्या उत्तरेला वेग जास्त, दक्षिणेला जवळपास शून्य. पाणी असं तिरपं उतरत नाही. १८८०च्या दशकाअखेरीस स्वीडिश भूवैज्ञानिक येरार्ड दे येर यांनी जुन्या किनाररेषांच्या उंचीचे नकाशे काढले तेव्हा चित्र स्पष्ट झालं: मध्यभागी उंच, चहूकडे उतरता घुमट, आणि घुमटाचं शिखर साधारण तिथेच जिथे बर्फ सर्वांत जाड होता. आता १९९३ पासून जीपीएस केंद्रांचं जाळं तेच मिलिमीटरच्या अंशात मोजतं.

अवकाळी:

बरं, उत्तरेचं पटलं. पण उष्ण कटिबंधात बर्फ नव्हता, फुगवटाही नाही. तिथे तरी समुद्र सरळसोट चढला असेल? पाणी वितळलं, पातळी वाढली, विषय संपला.

खडकवेडा:

तिथेही नाही, आणि माझ्या मते हा सगळ्यात रंजक भाग आहे.

आधी साधी गोष्ट. हिमयुगाच्या कळसाला समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. सुमात्रा, जावा, बोर्निओ आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेले होते. पर्शियन आखात बहुतांश कोरडं होतं. आशिया आणि अलास्का यांच्यामधून चालत जाता येत होतं. मग पाणी चढत गेलं, तेही एकसारखं नव्हे. साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास काही शतकांतच पंधरा-वीस मीटर चढलं. ब्रिटन आणि युरोपच्या मधल्या उत्तर समुद्राच्या जागी डॉगरलँड नावाची जमीन होती, ती सगळ्यात शेवटी बुडालेल्यांपैकी. १९३१ मध्ये कोलिंडा नावाच्या मासेमारी नौकेच्या जाळ्यात तिथून पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, गोळा आला आणि त्यात हरणाच्या शिंगाचं कोरलेलं भाल्याचं टोक निघालं.

आता गुंतागुंत. इतकं पाणी महासागरात आलं तर त्याचंही वजन आहे. समुद्रतळ दाबला गेला आणि किनाऱ्यालगतची जमीन तरफेसारखी थोडी उचलली गेली. त्यात फुगवटे बसायला लागले की त्यांच्यावरच्या समुद्रात खोली वाढते आणि पाणी दूरच्या महासागरांतून तिकडे ओढलं जातं. परिणाम असा की प्रशांत महासागरातल्या अनेक बेटांवर चार-पाच हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा मीटर-दोन मीटर वर होतं आणि नंतर उतरलं. तेव्हाच्या प्रवाळांची सपाट पठारं त्यामुळे उघडी पडली, आणि आजची कित्येक कंकणद्वीपं त्या पठारांवर साचलेल्या वाळूवर उभी आहेत.

आणि गुरुत्वाकर्षण राहिलंच. मोठी हिमचादर स्वतःच्या वस्तुमानाने समुद्राचं पाणी स्वतःकडे खेचून ठेवते. ती वितळली की ती ओढ कमी होते. ग्रीनलंडचा बर्फ गेला तर ग्रीनलंडजवळ, साधारण दोन हजार किलोमीटरांच्या आत, पाणी उतरेल आणि जगाच्या दुसऱ्या बाजूला सरासरीपेक्षा जास्त चढेल. म्हणून दूरच्या किनाऱ्यांनी ध्रुवाकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

अवकाळी:

हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

शिंपला:

भूकंपांचं कुणी लिहिलं नाही. उत्तर स्वीडनमध्ये पार्वी नावाचा भ्रंश, म्हणजे खडक सरकलेली भेग, आहे, सुमारे १५५ किलोमीटर लांब, ठिकठिकाणी दहा मीटरहून उंच पायरी. हिमयुग संपतानाच्या भूकंपात तो सरकला, तीव्रता आठच्या आसपास असावी असा अंदाज. आज तिथे फक्त लहान धक्के नोंदले जातात! बर्फाच्या वजनाने भ्रंश दाबून धरले होते, ताण मात्र आत साठत होता. वजन हटलं आणि साठलेलं एकदम सुटलं. आइसलँडमध्ये तेच ज्वालामुखींबाबत झालं. दाब कमी झाल्याने प्रावरणातला खडक जास्त वितळला आणि बर्फ गेल्यानंतरच्या काळात उद्रेकांचं प्रमाण कैक पटींनी वाढलं.

निशाचर:

मला व्यवहार कळतो. वर आलेल्या जमिनीची मालकी कुणाची?

वाळूचा कण:

फिनलंडमध्ये ती ज्याच्या मालकीचं ते पाणी होतं त्याची, म्हणजे बऱ्याचदा गावकऱ्यांची सामाईक. त्यामुळे किनाऱ्यावर घर असलेल्याच्या दारासमोर हळूहळू दुसऱ्याची जमीन उगवते. तंटे होतातच.

आणि बंदरांची तर दैनाच. स्वीडनमधलं लूलेओ शहर १६२१ मध्ये वसलं आणि १६४९ मध्ये हलवावं लागलं, कारण बंदर उथळ झालं. जुनं गाव आता नव्यापासून दहाएक किलोमीटर आत आहे, चर्चभोवतीच्या लाकडी घरांसकट जपलेलं.

मंदगती:

अठ्ठावीस वर्षांत शहर हलवलं? नगरनियोजनवाल्यांचं काय झालं असेल 😀 बरं, हे थांबणार कधी?

खडकवेडा:

वेग कमी होत चाललाय. बर्फ नुकताच हटला तेव्हा जमीन वर्षाला कित्येक सेंटीमीटर उठत होती, आता एकाच्या आत. पण संपायला अजून हजारो वर्षं आहेत. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधला क्वार्केन हा उथळ पट्टा पाहा. तिथला उंबरठा वीस-पंचवीस मीटर खोल आहे आणि जमीन वर्षाला आठेक मिलिमीटर उठते. म्हणजे समुद्र आहे तिथेच राहिला तर अडीच-तीन हजार वर्षांत दोन देशांच्या मध्ये जमिनीचा पूल होईल आणि उत्तरेकडचं आखात सरोवर होऊन बसेल. समुद्र चढत राहिला तर हा हिशेब लांबेल.

सगळीकडे इतकं संथ नसतं मात्र. अलास्कात ग्लेशियर बे परिसरात जमीन वर्षाला तीन सेंटीमीटरपर्यंत उठते. तिथला बर्फ तर अलीकडचा. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेला तो उपसागर जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेला दिसला. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर गेले तेव्हा बर्फ साठहून जास्त किलोमीटर मागे गेलेला होता. तिथलं प्रावरण जास्त गरम आणि सहज वाहणारं आहे, त्यामुळे प्रतिसाद हजारो वर्षांऐवजी दशकांत आणि शतकांत मिळतो.

अवकाळी:

म्हणजे अंटार्क्टिकातही जमीन अशी पटकन उठली तर बर्फाला आधार मिळून तो टिकेल?

तळटीप:

पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राच्या किनाऱ्यावर जीपीएसने वर्षाला चार सेंटीमीटर उठाव मोजलाय, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथला बर्फ समुद्रसपाटीखालच्या तळावर टेकलेला आहे. तळ उठला की पाण्याची खोली कमी होते, बर्फ तरंगायला उशीर होतो, तेवढा ब्रेक लागतो. ही आशा खरी आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. तापमानवाढ वेगाने झाली तर बर्फ उठावाच्या पुढे पळतो, आणि ब्रेक लागेपर्यंत बराच बर्फ गेलेला असतो.

खडकवेडा:

आणि तिसरी मी सांगतो. उठणारा समुद्रतळ तिथलं पाणी बाहेर ढकलतो. ते पाणी बाकीच्या महासागरात जातं, म्हणजे बर्फाला मिळालेल्या आधाराची थोडी किंमत इतर किनारे मोजतात. शिवाय गुरुत्वाकर्षण मोजणारे ग्रेस उपग्रह २००२ पासून अंटार्क्टिकातलं वस्तुमान तोलत होते, आता त्यांचे उत्तराधिकारी तोलतात. त्यांना बर्फ कमी झाल्याचंही दिसतं आणि खालून परत येणाऱ्या खडकाचंही, दोन्ही एकाच आकड्यात मिसळून. जुन्या हिमयुगाचा वाटा आधी वजा करावा लागतो. अंटार्क्टिकाच्या आकड्यांत जी खालची-वरची मर्यादा देतात, तिचा मोठा भाग या वजाबाकीतून येतो.